एक्केचाळीस सेकंदांचा अंधार

रविवारी दुपारी बारा वाजता महाराष्ट्रातली अडतीस हजार माणसं एकाच वेळी घाबरायला बसणार होती आणि त्यांतून मला एक माणूस शोधायचं होतं. हाताशी दोन तास होते. बारा वर्षं मी वाया घालवली, तेव्हा दोन तास कमी पडतात अशी तक्रार करायचा मला हक्क नाही.

माझं नाव मुरलीधर हिंगमिरे, वय चौसष्ट. बार्शीला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक बिघडलेला टीव्ही दुरुस्त करायचं सोडून नवा आणायला लागले, तेव्हा बंद केलं. गेल्या वर्षापासून सोलापुरात एका प्रतिसाद केंद्रात मी रेषावाचक म्हणून काम करतो. या वयात नोकरी कशाला, असं ओळखीचे विचारतात. घरी वेळ जात नाही, असं मी सांगतो. ते खोटं आहे. टीव्ही दुरुस्ती हा माझा जोडधंदा होता. खोटं बोलणं हा मुख्य.

रेषांचं आधी सांगून टाकतो. मालिका बघणाऱ्याने मनगटाला एक पट्टी बांधायची. पट्टीतला हिरवा दिवा कातडीतून रक्ताची ये-जा बघतो आणि नाडी मोजतो. दोन बारीक पत्रे घाम मोजतात. नाडीच्या चढउतारावरून श्वासही कळतो. या तिन्हींची मिळून एक रेषा होते आणि ती आमच्या पडद्यावर सरकत राहते. रेषा उसळली हे यंत्राला कळतं. का उसळली हे कळत नाही. माणूस भुताला दचकला, की हसून लोटपोट झाला, की त्याच्या पायावर झुरळ चढलं, यात भलीभली यंत्रं अजून गोंधळतात. म्हणून शंकेच्या रेषा वाचायला आम्ही पंचवीस माणसं ठेवलेली.

दुसरी एक गोष्ट मला हे काम करता करता कळली. शरीर नेहमी घटनेच्या पुढे धावतं. सुई टोचायच्या आधीच दंड आखडतो ना, तसं. पुढे काय होणार हे ज्याला माहीत आहे, किंवा माहीत आहे असं वाटतं, त्याची रेषा ते घडायच्या आधीच वळते. म्हणजे रेषा नीट वाचली तर माणसाच्या मनात कुठला शेवट आहे ते दिसतं. हे कळलं त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

कारण जगात एक शेवट असा होता, जो फक्त दोघांना माहीत होता. मला आणि माझ्या मुलीला.

'पाचवी खोली' नावाची मालिका सत्तावीस वर्षांपूर्वी लागायची. दर गुरुवारी नवी गोष्ट, नवी माणसं. सारखं एवढंच, की कुठल्या तरी आडगावातल्या चार खोल्यांच्या लॉजवर एखादा पाहुणा येतो आणि मालक त्याला पाचव्या खोलीची किल्ली देतो. साडेआठला सुरू व्हायची, नऊला संपायची. आणि बार्शीत त्या वर्षी भारनियमन होतं. गुरुवारी आमच्या भागाची पाळी पावणेनऊची. आमच्या गल्लीने त्या मालिकेचा एकही शेवट कधी पाहिला नाही. टीव्हीचा ठिपका लहान होत विझायचा आणि नऊ वर्षांची केतकी अंधारात मला चिकटून विचारायची, "पप्पा, मग पुढं काय झालं?"

मी सांगायचो. जे मनात येईल ते.

शेवटच्या भागात एक बाई पाचव्या खोलीत उतरते. खोलीतलं कपाट आतून कोणीतरी वाजवतंय. बाई कपाटापाशी जाते, कडीवर हात ठेवते, आणि आमची लाइट गेली. केतकी थरथर कापत होती. मी म्हणालो, "तिनं कडी काढली. बघते तर काय, आत तिची आई बसलेली. हातात कपबशी. म्हणते कशी, किती वेळ लावलास गं, चहा गार झाला की." माझी बायको विमल अंधारातूनच ओरडली, "मेल्या कपाटात मलाच कोंबा!" केतकी खळखळून हसली आणि झोपली.

खरा शेवट दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने दुकानात सांगितला. कपाट रिकामं निघतं आणि मागचं दार बाहेरून बंद होतं. तो मी घरी नेला नाही. पुढे वाहिनीने जुन्या टेपा पुसून त्यांवर दुसरं काही भरलं, त्यामुळे केतकीला तो कधी बघताही आला नाही. कपाटात आई होती, यावरच ती मोठी झाली.

आता नव्याने 'पाचवी खोली' आली होती. ती येणार, आणि कपाटाच्या गोष्टीसकट येणार, हे गेल्या वर्षी वाचलं तेव्हाच मी ही नोकरी धरली. अकरा गोष्टी अगदी नव्या आणि बारावी, हंगामाची शेवटची, ती जुनी कपाटाची. ती या रविवारी लागणार होती. दोन वाजता हंगाम संपणार, पट्ट्या बंद होणार, सगळ्या नोंदी कायद्याप्रमाणे कायमच्या पुसल्या जाणार.

आता विमलचं सांगायला हवं. सांगायला नको वाटतं, म्हणूनच सांगायला हवं.

विमल पंचेचाळिसाव्या वर्षी गेली. सोलापुरात दवाखान्यात नऊ दिवस होती. तिच्या हृदयाची भिंत आतून जाड होत गेली होती. केतकी तेव्हा पुण्याला सीएच्या शेवटच्या परीक्षेला बसलेली. रोज फोन यायचा. मी सांगायचो, अशक्तपणा आहे, ग्लुकोज लावलंय, तू पेपर दे. "आईला द्या की." आई झोपलीय. नऊ दिवस आई झोपलेली होती. शेवटचा पेपर देऊन केतकी आईला आवडणारी बाकरवडी घेऊन दारात आली, तेव्हा दारात माणसं जमलेली होती.

ती रडली नाही. तेराव्यापर्यंत थांबली आणि जाताना म्हणाली, "तुम्ही मला शेवट सांगितला नाहीत पप्पा. तुम्ही तो बनवलात." त्यानंतर तिचा आवाज मी ऐकलेला नाही.

पण हेही सगळं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा विकार रक्तातून येतो. मुलीलाही असण्याची निम्मी शक्यता. तिशी-पस्तिशीत कळला तर औषधं आहेत, उपाय आहेत. नाही कळला तर एक दिवस माणूस चालता चालता पडतो. "तिची तपासणी करून घ्या," ते म्हणाले. मी मान हलवली. तेरा दिवस ती माझ्यासमोर होती. म्हटलं, आईच्या दुःखात हे आणखी कशाला, थोडं सावरू दे. मग ती गेली, नंबर बदलला. पुण्याला तिच्या मैत्रिणीच्या दारात जाऊन उभा राहिलो. मैत्रीण म्हणाली, "काका, पत्ता देऊ नको असं तिनं बजावलंय. काही निरोप आहे का?" आणि मी म्हणालो, "नाही, सहज आलो होतो." सहज! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. हिंमत गोळा करून पुन्हा गेलो तेव्हा मैत्रीण घर सोडून परदेशी गेली होती.

केतकी आज छत्तीस वर्षांची आहे. कुठे आहे मला माहीत नाही. तिच्या छातीत काय आहे हे तिला माहीत नाही.

साडेअकराला मी नाझनीन मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो. नाझनीन शेख आमच्या पर्यवेक्षक. तिशीच्या, बोलायला फटकळ. मला प्रत्येक वेळी दीड हजार रेषा मिळायच्या. सगळ्या अडतीस हजार फक्त त्यांच्या खुर्चीवरून दिसत.

"मॅडम, आजच्यापुरतं तुमच्या पडद्यावर बसू का? माझा पडदा डोळ्यांना त्रास देतोय."

त्यांनी मला न्याहाळलं. "काका, वर्षभर तुमचे शेरे वाचतीय मी. एरवी तुम्ही लय रुक्ष लिहिता. खोटं बोलताना तेवढं गोड बोलता. खरं सांगा की ओ."

मी सांगितलं. दहा मिनिटं लागली. कपाट, बाकरवडी, डॉक्टर, मैत्रिणीचं दार, सगळं. हे मी याआधी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"म्हणजे वर्षभर इथं तुम्ही त्यासाठी बसलाव?"

"होय."

"अकरा कोटींचं राज्य हाय काका. तिनं पट्टी घेतलीच असंल कशावरून?"

"जुन्या प्रेक्षकांना पट्टी फुकट होती. तिनं घेतली असंल. मला वाटतंय."

"तुम्हाला वाटतंय." त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली. भिंतीवर आमच्या केंद्राचा नियम मोठ्या अक्षरात लावलेला आहे: रेषा वाचा, माणूस वाचू नका. कुणाची रेषा कुणाची आहे हे शोधणं गुन्हा. कुणाला त्याच्या तब्येतीविषयी कळवणं हाही गुन्हा. त्यांनी तिकडे बोट केलं. "पकडलं तर तुमची नोकरी जाईल, ते जाऊ दे. माझी बी जाईल."

त्यांच्या घरी आजारी सासरे आणि दोन लहान मुलं आहेत, हे मला माहीत होतं. तरी मी त्यांच्याकडे हे मागत होतो. पाणी गळ्यापर्यंत आलं की माणूस किती आपमतलबी होतो, ते मला त्या वेळी कळलं.

"बसा," त्या खुर्चीवरून उठत म्हणाल्या. "कुणी विचारलं तर म्हणीन, काका जुने प्रेक्षक हायत, जुन्या लोकांच्या रेषा त्यांनाच कळतात."

बारा वाजता भाग सुरू झाला. नाव नोंदवताना 'जुनी मालिका पाहिली होती का' असा प्रश्न होता. ज्यांनी होय लिहिलं होतं तेवढ्यांच्या रेषा नाझनीन मॅडमनी वेगळ्या काढल्या. सहा हजार दोनशे चौदा. पडद्यावर नावं कुठेच नव्हती, नुसते क्रमांक. शेजारी एका कोपऱ्यात 'पत्ता' असं बटण. हंगाम चालू असताना बिघडलेली पट्टी बदलून द्यायला कुरिअरसाठी लागतं ते. पण सहा हजार पत्ते उघडून मी काय करणार होतो? तिचं गाव मला माहीत नव्हतं, आणि पत्त्यासोबत नाव येत नसे.

माझा हिशेब सरळ होता. बाई कपाटाच्या कडीवर हात ठेवेल तेव्हा सगळे घाबरतील, रेषा वर जातील. एकट्या केतकीला माहीत असेल की आत आई आहे. सहा हजार रेषा वर जाताना एक खाली येईल. निवळेल. ती माझी मुलगी.

बारा शेहेचाळीसला बाईने कडीवर हात ठेवला. नवी नटी चांगली होती, बोटं खरंच थरथरत होती. कडी सरकल्याचा आवाज आला आणि पडदा काळा झाला.

मला वाटलं काहीतरी बिघडलं. नाझनीन मॅडमही दचकल्या. पडदा काळाच राहिला. आवाज नाही, अक्षरं नाहीत. एक्केचाळीस सेकंद पूर्ण अंधार, आणि त्यानंतर श्रेयनामावली. हंगाम संपला. बनवणाऱ्यांनी शेवट दाखवलाच नव्हता! पट्ट्या होत्याच मनगटांवर. प्रत्येकाच्या मनातला शेवट त्यांना अंधारात आयता मिळत होता. आमच्या गल्लीने जे वर्षभर सोसलं ते आज आख्ख्या राज्याच्या वाट्याला आलं.

लोकांनी नुसता धुडगूस घातला. पडद्याच्या कडेला प्रेक्षकांचे संदेश धो धो यायला लागले. हे काय पोरखेळ लावलाय. वर्गणी परत द्या. बारा आठवडे वाट बघून अंधार बघायचा? एकाने विचारलं, स्टुडिओचं लाइट बिल थकलंय का. दुसऱ्या कुणी हे बुद्धिमान वगैरे म्हटलं, तर त्याला दीडशे जणांनी शिव्या घातल्या. कोल्हापूरच्या एका आजींनी लिहिलं होतं की मला खरा शेवट आठवतोय आणि मी तो कुणालाही सांगणार नाही.

मी संदेश बाजूला सारले. अंधारात ज्यांच्या रेषा खाली आल्या तेवढ्या काढल्या. सत्त्याऐंशी.

एकेक उघडत गेलो. हा झोपलाय. ही स्वयंपाकघरात गेली, पट्टी टेबलावर. हा कंटाळलाय, याची रेषा सुरुवातीपासूनच आडवी. हा खात होता. ही झोपलीय. ही झोपलीय. शेजारी नाझनीन मॅडम शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा उघडून बसल्या होत्या, पण घास घेत नव्हत्या. वीस झाल्या, चाळीस झाल्या. घड्याळात सव्वा वाजला. हा दारू प्यायलाय. ही लहान मुलगी असावी, हिची नाडीच जलद आहे, आईची पट्टी घातलेली. साठ. सत्तर.

एक अठ्ठावीसला सत्त्याऐंशीही संपल्या. त्यांत केतकी नव्हती.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नाझनीन मॅडमनी माझा हात धरला.

"काका, तेच ते परत कशाला बघताव?"

"असंल. सुटली असंल. ती निवळणारच, तिला ठाऊक हाय की आत आई हाय, चहा घेऊन..."

"काका." त्या हळू म्हणाल्या. "ती अजून नऊ वर्षांची हाय का?"

मी थांबलो.

"तिची आई मेलीय. तिला बघायला बी मिळालं न्हाई. आणि त्या कपाटात आई हाय म्हणून ती खुश हुईल?"

मी खुर्चीत मागे टेकलो. वर्षभर मी इथे बसून, रेषा वाचायला शिकून, पुन्हा तेच केलं होतं. माझ्या मुलीसाठी मी एक गोड शेवट बनवला होता आणि तिला त्यात शोधत होतो. त्या शेवटात ती हसून झोपी जाते. खऱ्या केतकीने बारा वर्षं त्या कपाटासमोर काय सोसलं असेल, याचा मी एकदाही विचार केला नव्हता.

"रडणाऱ्या काढा," मी म्हणालो. "अंधारात जे रडले तेवढे."

रडण्याची रेषा ओळखू येते. श्वास आत जाताना पायऱ्या पायऱ्यांनी जातो आणि बाहेर एकदम येतो. त्याचं सोंग घेता येत नाही. भयकथा बघताना कोण रडतं? सहा हजार दोनशे चौदांमध्ये चार जण निघाले. एक अकरा मिनिटं आधीपासून रडत होता, त्याचं काहीतरी वेगळं असावं. दोघं कडी वाजल्यावर, भीतीने. चौथी रेषा बाई कपाटाकडे पहिलं पाऊल टाकते तिथेच वळली होती. तिथे अजून घाबरण्यासारखंही काही नव्हतं. कडी सरकली, अंधार झाला, आणि ती रेषा निवळली. फक्त दीड सेकंद. लहान मूल अंधारात कुशीत शिरतं आणि सैल पडतं, तशी. मग मोडून पडली आणि उरलेला सगळा अंधार रडत राहिली.

"हीच," मी म्हणालो. "मॅडम, हीच हाय."

नाझनीन मॅडम पडद्याला नाक लावून बघत होत्या. "काका, हे काय हाय? मधीमधी?"

मला ते आधी दिसलं नव्हतं, कारण मी मुलगी बघत होतो. नाडीच्या लाटा एकामागून एक येत होत्या आणि मधेच एक गळत होती. दहा-बारा लाटा, एक गाळलेली. पाच लाटा, एक गाळलेली. रडताना जास्त. विमलच्या खाटेशेजारच्या पडद्यावर नऊ दिवस मी हेच बघत बसलो होतो. पट्टी म्हणजे काही दवाखान्यातलं यंत्र नव्हे, तिच्यावरून कुणी निदान करणार नाही. पण मला डॉक्टरची गरज नव्हती.

एक चाळीस. पट्ट्या अजून चालू होत्या. शेवटानंतर माणूस किती वेळाने शांत होतो हे मोजायला प्रेक्षकांना दोनपर्यंत पट्टी काढू नका असं सांगितलेलं असतं. रेषा अस्पष्ट असेल तर वाचक प्रेक्षकाला एक शंका विचारू शकतो. पट्टी सैल आहे का, वगैरे. त्यासाठी एक चौकट असते. दोन ओळी मावतात. ती त्या माणसाच्या फोनवर उमटते.

मी लिहायला लागलो. केतकी बाळ, कशी आहेस, घाबरण्यासारखं काही नाही, फक्त एक साधी तपासणी

"परत गोड व्हायलंय," नाझनीन मॅडम म्हणाल्या.

मी पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. खरं दोन ओळींत मावतं, खोट्यालाच जागा जास्त लागते, हे मला तिथे कळलं. शेवटी लिहिलं: 'केतकी, कपाटात आई नव्हती. आईचा हृदयविकार रक्तातून येतो. तुझे ठोके चुकतायत. लगेच तपासून घे. हे मी बारा वर्षं लपवलं. पप्पा.'

आणि पाठवलं. एक चव्वेचाळीस.

दहा सेकंद काही नाही. मग ती रेषा अशी उसळली की मी खुर्चीतून उठलो. आपण दिलेला घाव आपल्या मुलीच्या काळजात शिरताना कुणी बघू नये. मी बघितला. लाटा एकमेकींवर चढल्या, दोन सलग गळल्या. मग एकाएकी रेषा सपाट झाली.

"पट्टी काढली तिनं," नाझनीन मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "काका, पट्टी काढलीय नुसती. दुसरं काही न्हाई."

त्यांनाही ते माहीत नव्हतं. सपाट रेषेचे दोनच अर्थ होतात. एक पंचेचाळीस. शेहेचाळीस. मी त्या सपाट रेषेकडे बघत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एकही गोष्ट सुचत नव्हती. सत्तेचाळीस. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी विमलचं घेतलं.

एक एकोणपन्नासला रेषा पुन्हा आली. खालीवर होत, ठेचकाळत, पण आली. तिच्याखाली उत्तराच्या चौकटीत शब्द उमटले.

'मग पुढं काय?'

सत्तावीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न होता. फक्त 'पप्पा' गळाला होता आणि या वेळी अंधारात ती एकटी होती. छत्तीस वर्षांची बाई विचारत होती की मी जगणार का.

माझी बोटं आपोआप चालली. 'काही होणार नाही तुला.' हे पाच सेकंदांत लिहून झालं. सवय आहे. त्या चार शब्दांकडे मी बघत राहिलो. किती छान वाटत होते ते. मी ते एकेक अक्षर करत पुसले आणि लिहिलं, 'माहीत नाही. डॉक्टर म्हणाले होते निम्मी शक्यता. वेळेत कळलं तर उपाय आहेत. मला एवढंच खरं माहीत आहे.'

रेषा हळूहळू खाली येत होती. गळलेल्या लाटा तशाच होत्या, पण श्वास लांब झाला होता. मी लिहिलेलं ती पुन्हा पुन्हा वाचत असावी. एक पंचावन्नला उत्तर आलं.

'उद्या सकाळी दवाखान्यात जाते. मला शोधू नका.'

नाझनीन मॅडमनी ते वाचलं आणि माझ्याकडे न बघता डब्याचं झाकण लावलं. मग उठून खिडकीशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "मी बाहेर बघतीय," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं मला मागचं काही दिसत न्हाई."

'पत्ता' हे बटण त्या रेषेच्या शेजारीच होतं. एकदा दाबायचं. गाव, गल्ली, घराचा क्रमांक. दोन वाजले की ते कायमचं जाणार होतं. मी बोट बटणावर ठेवलं.

शेवट लगेच तयार झाला. मी बसमधून उतरतो. एक जिना चढतो. दार वाजवतो. ती दार उघडते, आधी रागावते, मग म्हणते, किती वेळ लावलात पप्पा. आत चहा ठेवलेला असतो. दवाखान्यात आम्ही दोघं जातो, तिचा हात माझ्या हातात असतो, डॉक्टर हसून सांगतात की काही नाही. मला सगळं स्पष्ट दिसत होतं, तिच्या दारावरची वेलसुद्धा. या शेवटाकरता मी वर्षभर इथे आलो होतो. तिचा जीव वाचावा हे खरं. पण हेही खरं.

पण तिने दोनच वाक्यं लिहिली होती. त्यातलं एक मला हवं होतं म्हणून दुसरं नाही असं समजायचं, हे मी आयुष्यभर करत आलो होतो.

एक अठ्ठावन्न. बोट बटणावरच होतं आणि थरथरत होतं. कडीवरच्या त्या बाईसारखं. एक एकोणसाठ. केतकीची रेषा सरकत होती, सात लाटा, एक गाळलेली, नऊ लाटा, एक गाळलेली. मी ती डोळ्यांत भरून घेतली. मग हात उचलून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरला.

दोन वाजता पडदा पांढरा झाला. रेषा गेल्या, क्रमांक गेले, बटण गेलं.

नाझनीन मॅडम वळल्या. त्यांनी माझे मांडीवरचे हात बघितले.

"उघडलाच न्हाई?"

मी मान हलवली.

त्या शेजारी येऊन बसल्या. बाहेर बाकीचे वाचक आवरत होते, कुणीतरी त्या अंधारावरून मोठ्याने वाद घालत होतं. मॅडमनी डबा पुन्हा उघडून भाकरीचा तुकडा माझ्यापुढे केला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "काका, मग आता पुढं काय हुईल? जाईल ना ती उद्या? फोन करंल ना?"

एक गोड उत्तर माझ्या तोंडात आलंही होतं.

"माहीत न्हाई," मी म्हणालो, आणि मग मला रडू आलं.